जुन्या पिकअपचे ब्रेक : आधी निदान, मग खर्च

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच पडलेले आहेत. एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा हे तालुके घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव हे घाटाखाली. मधे अजिंठ्याची डोंगररांग आडवी पडली आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तर मलकापूर अडीचशे मीटरच्या आसपास. म्हणजे घाटावरचे सोयाबीन, भाजीपाला किंवा शेळ्या-बकरे भरून मलकापूरकडे जाणाऱ्या गाडीला राजूर घाट उतरावा लागतो आणि खामगावच्या बाजारपेठेकडे जाणाऱ्या गाडीला बोथ्याचा घाट.

या रस्त्यांवर मालवाहतूक करणाऱ्यांत एकाच गाडीचे मालक पुष्कळ आहेत. दहा-पंधरा वर्षे जुनी महिंद्रा पिकअप किंवा टाटा २०७ विकत घ्यायची, स्वतःच चालवायची किंवा घरातल्या मुलाच्या हाती द्यायची आणि त्यावर संसार चालवायचा, असा हा धंदा आहे. गाडी उभी राहिली की रोजी बंद. म्हणून इंजिन बिघडले तर मालक लगेच गॅरेज गाठतो. ब्रेकचे मात्र तसे होत नाही. "थोडा पंप करावा लागतो, पण लागतो" असे म्हणत महिना-दोन महिने गाडी तशीच पळवली जाते. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही आणि ब्रेक बिघडला तर गाडी थांबत नाही, हा फरक घाटात उतरल्यावर लक्षात येतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरीकडे असेही मालक आहेत जे ब्रेकवर खर्च करतात, पण अंदाजाने करतात. आधी ब्रेक ऑईल बदलले, मग मास्टर सिलिंडर बदलला, मग लायनर टाकले, तरी पेडल खालीच. शेवटी कळते की मागच्या चाकांचे ॲडजस्टर फक्त आवळायचे राहिले होते. हजारो रुपये गेले आणि काम स्क्रू ड्रायव्हरचे होते. हे दोन्ही नुकसान टाळता येते, कारण ब्रेक सहसा न सांगता जात नाही. तो आधी पायाला सांगतो. पेडल काय सांगते ते समजून घेतले तर दोष कोठे आहे याचा बराचसा उलगडा चाक खोलण्याआधीच होतो.

ब्रेक काम कसे करतो

पेडल दाबले की त्यामागचा दांडा मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे ढकलतो. तेथील ब्रेक ऑईलचा दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. पुढच्या चाकांना डिस्क असेल तर पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर ब्रेक शू बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला घासते. फार जुन्या गाड्यांत चारही चाकांना ड्रमच असत. ऑईल दाबले तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दाबली की आकसते. नळीत हवा शिरली की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच संपतो.

पायाच्या मदतीला बूस्टर असतो. मास्टर सिलिंडरच्या मागे जो मोठा गोल डबा दिसतो तो हाच. तो निर्वात दाबावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल इंजिनात हे व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप लागतो. पुष्कळ डिझेल पिकअपमध्ये हा छोटा पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि त्याची उष्णता करतो. ही उष्णता किती असते याचा हिशेब करून पाहू. समजा, मालासह तीन टन वजनाची गाडी घाटातून तीनशे मीटर खाली उतरली. ती केवळ ब्रेकवर उतरवली तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात सुमारे पंचवीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. ही सारी उष्णता चार चाकांतील लोखंड, लायनर आणि ऑईल यांना सोसावी लागते. वेगाचाही हिशेब असाच आहे. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेग असला तर तीच गाडी थांबवायला ब्रेकला सव्वादोन पट काम करावे लागते.

पेडल काय सांगते

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड किंवा लाकडी गुटके लावा आणि पेडल दाबून पाहा. चांगल्या ब्रेकचे पेडल थोडे मोकळे जाऊन नंतर घट्ट लागते आणि अर्ध्याच्या वरच थांबते. तसे होत नसेल तर पुढील लक्षणे तपासावीत.

१. पेडल खाली जाते, पण दोन-तीन वेळा दाबले की वर येते. जुन्या पिकअपची ही सर्वांत नेहमीची तक्रार. लायनर झिजून शू आणि ड्रम यांत अंतर वाढलेले असते. पहिल्या दाबात ऑईल ते अंतर भरून काढण्यातच संपते. येथे मास्टर सिलिंडर बदलण्याची घाई करू नये. मागची चाके जॅकवर घेऊन बॅक प्लेटच्या खाचेतून ॲडजस्टरचे दातेरी चाक फिरवावे. गाडीचे चाक हाताने जड फिरू लागेपर्यंत आवळावे, मग ते पुन्हा मोकळे फिरेल इतके दाते सैल करावेत. काही गाड्यांत हा ॲडजस्टर आपोआप चालणारा असतो. पण धूळ आणि गंज यांनी तो जाम होतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. तो उघडून साफ करावा. लायनरच संपले असेल तर आवळून उपयोग नाही, ते बदलावेच लागते.

२. पेडल मऊ, स्पंजासारखे लागते. हे हवेचे लक्षण आहे. हवा आपोआप शिरत नाही. ऑईलची पातळी फार खाली गेली होती, कोणी काम करताना नळी उघडली होती किंवा कोठे तरी गळती आहे, यांपैकी एक कारण असते. हवा काढल्यावर आठ दिवसांत पेडल पुन्हा मऊ झाले तर पुन्हा हवा काढत बसण्यापेक्षा गळती शोधावी. चाकाजवळची रबरी होज फार जुनी असेल तर ती दाबाने फुगते आणि तशीच मऊ जाणीव देते. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने होजवर बोट ठेवावे. फुगणारी होज हाताला कळते.

३. पेडल दाबून धरले तर हळूहळू खाली बसते. हे सर्वांत गंभीर. पाय तसाच दाबून अर्धा मिनिट थांबा. पेडल खाली सरकत गेले तर दाब कोठून तरी निसटतो आहे. आधी बाहेरची गळती पाहावी : नळ्यांचे जोड, होज, चाकांच्या आतल्या बाजूला बॅक प्लेटवरचा ओलावा, टायरच्या आतल्या भिंतीवरचे ओघळ. कोठेही ओल नाही, टाकीतील ऑईलही कमी होत नाही, तरी पेडल बसते, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर सील गेले आहे. ऑईल कमी होते पण बाहेर गळती दिसत नाही, असे असेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या सांध्यात पाहावे. मागचे सील गेले की ऑईल बूस्टरच्या डब्यात जमते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. अशी गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर काढू नये.

काहींना वाटते की मास्टर सिलिंडरला दोन भाग असतात, एक गेला तरी दुसरा आहे. ते खरे आहे, पण दुसरा भाग गाडी एकदा कशीबशी थांबवून बाजूला घेण्यासाठी असतो. त्याच्या जोरावर घाट उतरण्यासाठी नसतो.

४. पेडल दगडासारखे कडक, जोर लावूनही गाडी थांबत नाही. हा ऑईलचा दोष नाही, बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे म्हणजे उरलेले व्हॅक्यूम संपते. मग पेडलवर पाय दाबून ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही तर व्हॅक्यूमची जाड होज चिरली आहे का, तिच्यातील एकेरी व्हॉल्व्ह अडकला आहे का ते पाहावे. त्यानंतर पंपाकडे वळावे. पंप अल्टरनेटरच्या पाठीला असेल तर त्याचा पट्टा सैल होणे किंवा तुटणे म्हणजे बॅटरी चार्ज होणे आणि ब्रेकची मदत, दोन्ही एकदम बंद. डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागला आणि पेडल कडक झाले, ही दोन लक्षणे बरोबर आली तर पहिली नजर पट्ट्यावर टाकावी. पट्ट्याची किंमत बूस्टरच्या किमतीपुढे काहीच नाही. पट्टा ठीक असून अल्टरनेटर इंजिन ऑईलने माखलेला दिसला, तर पंपाचे सील गेलेले असण्याची शक्यता असते.

५. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. आधी दोन्ही बाजूंच्या टायरची हवा सारखी करावी. तरी ओढत असेल तर एक खूण ध्यानात ठेवावी : गाडी उजवीकडे ओढते तेव्हा बहुधा उजवा ब्रेक बरोबर असतो आणि डावा कमजोर. म्हणजे दोष विरुद्ध बाजूला शोधायचा. डिस्कच्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो किंवा पॅड-लायनरवर ऑईल आलेले असते. मागच्या ड्रममध्ये ओल सापडली तर ती कशाची हे ओळखावे. ब्रेक ऑईल पातळ असते. तसे असेल तर व्हील सिलिंडर गळतो आहे. काळपट, जाड आणि उग्र वासाचे असेल तर ते डिफरन्शियलचे ऑईल आहे आणि ॲक्सलचे सील गेले आहे. असे सील पुन्हा पुन्हा जात असेल तर ॲक्सलवरचा श्वासनळीचा छोटा नट, ज्याला ब्रीदर म्हणतात, चिखलाने बंद झाला आहे का ते पाहावे. तो बंद असला की गरम हवेला वाट मिळत नाही आणि ती ऑईलला सीलमधून बाहेर ढकलते. ऑईल प्यायलेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नये, ते टाकून द्यावे.

६. पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो. गाडी जड ओढते, डिझेल जास्त लागते, एका चाकाला जळका वास येतो. प्रवासानंतर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहावा, लोखंडाला लावू नये. एकच चाक तापलेले असेल तर दोष त्या चाकात. चारही तापलेली असतील तर दोष वर, पेडल किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. चिकटलेले चाक जॅकवर घेऊन त्याचा हवा काढण्याचा निप्पल किंचित सैल करावा. ऑईलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब नळीतच अडकून राहिला होता. जुनी होज आतून फुगून बंद झाली की असे होते. बाहेरून ती अगदी चांगली दिसते. निप्पल सैल करूनही चाक मोकळे झाले नाही तर दोष लोखंडी भागांत आहे : गंजलेला पिस्टन, ढिली पडलेली शूची स्प्रिंग किंवा अडकलेली हँडब्रेकची केबल.

७. आवाज किंवा थरथर. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे लायनर संपले आणि रिव्हेट ड्रमला लागू लागले. आणखी चार दिवस चालवले तर लायनरबरोबर ड्रमही बदलावा लागेल. ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरत असेल तर ड्रम लंबगोल झाला आहे किंवा डिस्क वाकडी झाली आहे. ड्रम लेथवर साफ करता येतो, पण त्याला मर्यादा असते. जास्तीत जास्त किती व्यास चालेल हा आकडा पुष्कळ ड्रमवर कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात द्यावा. पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो.

गॅरेजमध्ये न सापडणारा दोष

अशीही तक्रार येते की घाट उतरताना ब्रेक पार गेला, पेडल फळीला टेकले. पण अर्ध्या तासाने गाडी गॅरेजला आणली तेव्हा ब्रेक ठणठणीत. मिस्त्री म्हणतात दोष नाही, चालक म्हणतो मी मरता मरता वाचलो. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषून घेते. नवे डॉट ३ ऑईल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असा दंडक आहे. पण ओल शोषलेल्या ऑईलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सततच्या ब्रेकने चाक तापले की व्हील सिलिंडरमधील जुने ऑईल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जाते. थंड झाले की वाफेचे पुन्हा ऑईल होते आणि ब्रेक परत येतो. लायनरचेही तसेच आहे. फार तापले की त्याची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही.

पहिल्या दोषावर उपाय स्वस्त आहे. साधारण दोन वर्षांनी सगळे ब्रेक ऑईल बदलावे. टाकीत वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. टाकीच्या झाकणावर जो दर्जा लिहिला असेल तोच वापरावा. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑईल आहे, ते यात मिसळू नये. उघडून ठेवलेला डबा सहा महिन्यांनी वापरू नये. आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑईल किंवा स्टीअरिंगचे ऑईल चुकूनही टाकू नये. त्याने सगळी रबरे फुगतात आणि सिलिंडरपासून होजपर्यंत सारे बदलावे लागते. रबरी भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुण्याची सवयही याच कारणाने वाईट आहे. ते ताज्या ब्रेक ऑईलनेच धुवावेत.

दुसरा दोष, म्हणजे लायनर तापून पकड जाणे, ऑईल बदलून जात नाही. तो घाट उतरण्याच्या पद्धतीतला दोष आहे. त्याकडे पुढे येऊ.

पाटे वाढवले आणि ब्रेक घटला

जास्त माल बसावा म्हणून मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. याचा ब्रेकशी काय संबंध, असे मालकाला वाटते. संबंध थेट आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची सळई ॲक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की चेसिस खाली बसते, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की कमी दाब देतो, म्हणजे मागची चाके घसरत नाहीत.

पाटे वाढवले की भरलेली गाडीही पहिल्यासारखी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते की गाडी रिकामीच आहे. तो मागच्या चाकांना कमी दाब देतो आणि दोन-अडीच टनांचे ओझे एकट्या पुढच्या ब्रेकवर येते. पुढचे पॅड लवकर झिजतात, डिस्क तापतात, मागचे लायनर मात्र नव्यासारखे दिसते. मालक खूष होतो की मागचे लायनर दोन वर्षे टिकले! ते टिकले नाही, त्याने काम केलेले नाही. काही ठिकाणी ही सळई तुटलेली किंवा तारेने बांधून ठेवलेलीही असते. जुनी गाडी विकत घेताना तिच्याखाली वाकून एवढी एक गोष्ट जरूर पाहावी. पाटे मूळ संख्येवर आणावेत आणि सळई कंपनीच्या मापाने लावून घ्यावी.

हवा काढण्याची रीत

दोन माणसे, एक पारदर्शक नळी आणि थोडे ऑईल घातलेली बाटली एवढे पुरते. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब तेथून सुरुवात करायची. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे असल्याने साधारण क्रम असा येतो : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तो पाळावा. नळीचे टोक बाटलीतील ऑईलमध्ये बुडवावे. वरच्याने पेडल सावकाश दोन-तीन वेळा दाबून धरून ठेवावे, खालच्याने निप्पल उघडून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि निप्पल बंद केल्यावरच वरच्याने पाय उचलावा. निप्पल उघडा असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. दर थोड्या वेळाने टाकीत भर घालत राहावी.

बाटलीतील ऑईल पुन्हा टाकीत ओतू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, ते रंग खाते. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की गंभीर आजार होतात. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोरांना उस्तादांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये, स्टँड लावावा.

काटकसर कोठे करावी, कोठे करू नये

लायनर आणि पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले की गाडी ओढू लागते. व्हील सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल तर नुसते रबर किट टाकून चालते. गंजाचे खड्डे असतील तर नवे रबर त्यावर घासून थोड्याच दिवसांत फाटते, तेथे पूर्ण सिलिंडर घ्यावा. होज, सील आणि लायनर पक्क्या बिलावर, नावाजलेल्या बनावटीचे घ्यावेत. मूळ बनावटीसारखा डबा पण निम्मी किंमत, असा माल समोर आला तर शंका घ्यावी. काटकसर करायचीच असेल तर निदानात करा : दोष कोणत्या चाकात आहे हे आधी ठरवा आणि तेवढेच खोला. मिस्त्रींना सांगतानाही "ब्रेक करून द्या" एवढे म्हणू नका. पेडल केव्हा खाली जाते, गरम असताना की थंड, भरलेली असताना की रिकामी, हे सांगा. त्याने त्यांचा वेळ आणि आपला पैसा वाचतो.

घाट उतरताना

ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम आजही बरोबर आहे. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक थंड राहतो. पेडलवर सतत पाय ठेवून उतरू नये. वेग वाढला की नेटका ब्रेक लावून वेग कमी करावा आणि पाय काढून घ्यावा, म्हणजे चाकांना थंड व्हायला सवड मिळते. तापलेल्या लायनरची पकड जाऊ न देण्याचा हाच मार्ग आहे.

डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून घाट उतरणे हा घातक गैरसमज आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा डिझेलपुरवठा पंपच तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल लागतच राहते. म्हणजे बचत होत नाही, उलट इंजिनाची पकड जाते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. बूस्टरमधील उरलेले व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबले की संपते आणि पुढच्या वळणावर पेडल दगड झालेले असते.

तरीही ब्रेक गेलाच तर इंजिन बंद करू नका. पेडल भराभर पंप करा, एकेक करून खालचे गिअर टाका, हँडब्रेक झटक्याने न ओढता हळूहळू ओढा, हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. थांबणे शक्यच नसेल तर गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घासत न्या.

कायदा आणि मालकाची जबाबदारी

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. त्या एका दिवसापुरता ब्रेक आवळून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९० समजून घ्यावे. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवू देणारा मालकही. "मला माहीत नव्हते" ही सबब पुरत नाही, कारण साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता तोही या कलमात येतो. अशा गाडीने अपघात होऊन कोणाला इजा झाली तर शिक्षा अधिक कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठीचा दंडही वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा झाला आहे. चार पोती जास्त भरून मिळणारे भाडे या रकमेपुढे किती, हा हिशेब प्रत्येकाने मांडावा.

दर आठवड्याला दहा मिनिटे

गाडी भरण्याआधी आठवड्यातून एकदा एवढे पाहावे :

• ब्रेक ऑईलची पातळी. ती उतरली तर कारण शोधल्याशिवाय नुसती भर घालू नये.
• पेडल अर्धा मिनिट दाबून धरणे; बसते की टिकते.
• इंजिन चालू करताना पेडल किंचित खाली सरकते की नाही.
• अल्टरनेटरचा पट्टा.
• चारही चाकांच्या आतल्या बाजूची ओल.
• उतारावर हँडब्रेक गाडी धरतो की नाही.
• रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते की ओढते.

या सात गोष्टींना खर्च शून्य आहे. यांतील एकही चुकली तर त्या दिवशीचे भाडे सोडावे आणि गाडी गॅरेजला न्यावी. एक दिवसाचे भाडे पुढच्या आठवड्यात भरून निघते. ज्याच्या हाती आपण गाडीची किल्ली देतो तो कोणाचा तरी मुलगा असतो, पुष्कळदा आपलाच. त्याला घाटात पाठवताना मालकाने आदल्या संध्याकाळी स्वतः एकदा ते पेडल दाबून पाहावे.